एकवीस दिवसांचा फॉर्म

प्रति,
मुंबई, ठाणे, वसई-विरार आणि पनवेल भागात ज्येष्ठांसाठी केअर सेंटर, शुश्रूषा केंद्र किंवा आश्रम चालवणारे सर्व संचालक आणि विश्वस्त

सप्रेम नमस्कार.

माझी आत्या तुमच्यापैकी एकांकडे राहते. कोणाकडे ते लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका जागेपुरतं नाही, आणि तिथली माणसं वाईट तर मुळीच नाहीत. गेल्या वर्षी नवरात्रात तिला तिथे सोडलं तेव्हा मी जो फॉर्म भरला, त्यात एक रकाना होता, ‘राहण्याचा कालावधी’. मी लिहिलं, २१ दिवस. त्याला आता चौदा महिने झाले. आत्या तिथेच आहे आणि तिच्या फाइलला आजही तोच एक फॉर्म आहे.

मधल्या काळात जो काही पत्रव्यवहार झाला तो व्हॉट्सअ‍ॅपवर. महिन्याच्या पंचवीस तारखेच्या आसपास तुमच्या ऑफिसातल्या मुलीचा मेसेज येतो, ‘मॅडम, कंटिन्यू करायचं ना?’ मी अंगठा पाठवते. माझ्या आत्याचं घर सुटलं ते असं, दर महिन्याला एक पिवळा अंगठा याप्रमाणे. कुठल्या दिवशी सुटलं असं कोणी विचारलं तर मला तारीख सांगता येणार नाही.

या पत्रात मला एवढंच मागायचं आहे, की थोड्या दिवसांसाठी आलेलं माणूस कायमचं राहणार असं दिसू लागलं की तुम्ही थांबा आणि त्याचं दुसरं अ‍ॅडमिशन करा. नवा फॉर्म, नवी बैठक, नवी तपासणी, आणि त्या माणसाला समोर बसवून सांगणं. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

आत्या ८४ वर्षांची आहे. लग्न केलं नाही. साठच्या दशकात ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागली. पुण्याला बोलायचं तरी ट्रंक कॉल नोंदवून वाट बघत बसावं लागे आणि कॉलमध्येही ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग अशा जाती असत, तो काळ. रात्रपाळी करून सकाळी गिरगावातल्या खोलीवर यायची आणि दुपारपर्यंत झोपायची. माझ्या कॉलेजची फी तिच्या पगारातून गेली आहे. सात वर्षांपूर्वी गॅसवर दूध ठेवून ती कोपऱ्यावर भाजी आणायला गेली आणि परत येताना चाळीचा जिना तिला सापडेना. ज्या जिन्यावर ती साठ वर्षं चढली-उतरली तो. त्या संध्याकाळी मी तिला पार्ल्याला घेऊन आले. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हटलं ते नंतर.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सहा वर्षं निभावलं. निभावलं म्हणजे काय, तर आत्या रात्री दोनला उठून साडी नेसायची, पर्स काखेला लावायची आणि दाराची कडी काढायला लागायची. ड्यूटीला उशीर होतोय म्हणायची. ‘आत्या, आज तुला ऑफ आहे’ हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेन त्याची गणती नाही. कधी ऐकायची, कधी मला ढकलायची. आजारी माणसांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई ठेवून पाहिली. दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी; एकीला सगळं समजावून सांगेपर्यंत ती बदलून दुसरी यायची. एक रात्रीची बाई मात्र सोन्यासारखी होती, तिला ब्युरोने तीन आठवड्यांत दुसरीकडे पाठवलं. ब्युरो हा विषय वेगळ्या पत्राचा आहे.

मग माझे गुडघे गेले. दोन्ही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टाळू नका आणि नंतर दीड महिना कुणाला उचलू नका. आमच्या ह्यांना स्टेंट बसवलेला. पितृपक्षात नको म्हणून नवरात्रातली तारीख घेतली आणि आत्याला वसईच्या पुढे एका ठिकाणी ठेवलं. तुमच्या भाषेत शॉर्ट स्टे. दीड महिना लिहायला मन धजेना म्हणून २१ दिवस लिहिलं. बॅगेत चार गाऊन, दोन सुती साड्या, कवळीची डबी, चष्मा, औषधांची चिठ्ठी. बॅग लहान घेतली, मुद्दाम. मोठी बॅग बघून ती घाबरली असती, असं मी घरच्यांना सांगितलं. खरं म्हणजे मीच घाबरले असते.

शॉर्ट स्टेवाल्यांना तुम्ही बहुतेक ठिकाणी दाराजवळच्या खोलीत ठेवता. सोयीचं आहे, समजतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची खोली ती. कुणाची सून बाळंतपणाला गेलेली, कुणाचा मुलगा लेकीच्या पदवीसमारंभाला अमेरिकेला, कुणी हॉस्पिटलमधून सुटल्यावर घरी जाण्याआधी टाके सुकेपर्यंत. पंधरा दिवस, महिना, की चालले. आत्या त्या खोलीत सात महिने होती. सात महिने तिने शेजारच्या खाटांवरच्या बायकांना घरी जाताना बघितलं. तिच्या लक्षात राहत नाही असं आपण म्हणतो. पण कुणी गाऊन काढून साडी नेसतंय, रिक्षा येतेय, मुलगा आत येऊन ‘चल आई’ म्हणतोय, हे समजायला स्मरणशक्ती लागत नाही.

म्हणून ती रोज संध्याकाळी बॅग भरायची. चार गाऊन, दोन साड्या. भरून खाटेवर ठेवायची आणि शेजारी बसायची. तिथे सांभाळणाऱ्या मावशी विचारायच्या, ‘कुठं निघालात आजी?’ ‘भाची येतेय.’ ‘उद्या येणार हो, आज उशीर झाला.’ मग मावशी बॅग उचलून खाटेखाली सारायच्या. उद्या पुन्हा. त्या मावशींना मी बोल लावत नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, की ह्या आजी जाणार आहेत की राहणार आहेत. आणि त्यांना विचारायची सोय नव्हती, कारण ते मलाही ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून मी ते मोठ्याने म्हणत नव्हते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. थोड्या दिवसांची देखभाल आणि कायमची देखभाल ह्यांत नुसता दिवसांचा फरक आहे असं आपण सगळे धरून चालतो. तसं नाही. पंधरा दिवसांसाठी आलेल्या माणसाबाबत तुमचं उद्दिष्ट एकच असतं: जसं आलं तसं परत पाठवायचं. पडता कामा नये, जखम होता कामा नये, बाहेर निघून जाता कामा नये. त्यासाठी जे केलं जातं ते त्या मुदतीपुरतं शहाणपणाचंच आहे. रात्री बाथरूमला जाताना घसरेल म्हणून डायपर. चालताना तोल जातो म्हणून खुर्चीत बसवून ठेवायचं, पुढे ट्रे अडकवायचा. कवळी हरवते म्हणून डबीत ठेवून कपाटात बंद, आणि जेवणाला मऊ भात. चष्म्याचंही तेच. घरच्यांना मागे कटकट नको.

हेच सात महिने चाललं तर काय होतं ते मी बघितलं आहे. आत्या आमच्या घरी शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी संडासला जात होती. हात धरावा लागे, रात्री दोनदा उठावं लागे, पण जात होती. डायपर लावल्यावर पहिले काही दिवस ती सांगायची, ‘मला जायचंय’. मावशी म्हणायच्या, ‘डायपर आहे ना, त्यातच करा.’ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिने सांगणं सोडलं. म्हातारपणी पायांची ताकद जाते ती फार लवकर, आठवडा-दोन आठवडे बसून राहिलं तरी जाते, आणि परत मिळवायला कित्येक पट वेळ लागतो. कवळीशिवाय मऊ भातावर तिचं वजन चार किलो उतरलं. हे आम्हाला कळलं तेही केव्हा, तर ताप आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं तेव्हा, कारण शॉर्ट स्टेवाल्यांचं दरमहा वजन करायची पद्धत नव्हती. कशाला असेल? ती तर तीन आठवड्यांत जाणार.

ह्यात कुणी हयगय केली नाही. सगळ्यांनी पाहुण्याला सांभाळलं. पाहुणी सात महिने राहिली आणि पाहुणी म्हणूनच राहिली, इथे चूक झाली. तिचा बदललेला मुक्काम कुणी कागदावर उतरवला असता, तर कुणीतरी फिजिओथेरपिस्टला विचारलं असतं की हिला रोज किती पावलं चालवायचं. दर दोन तासांनी बाथरूमला नेण्याचं वेळापत्रक लागलं असतं. कवळी बसते का ते बघितलं गेलं असतं. गाढ झोपेची जी गोळी हॉस्पिटलमधल्या कुणीतरी ‘तूर्त’ म्हणून लिहून दिली होती, ती पाचव्या महिन्यात चालू का आहे, हे कुणीतरी विचारलं असतं. डायपरनेच महिन्याला काही हजार जातात आणि बिलात ते ‘जादा खर्च’ म्हणून वेगळे येतात, ही आणखी एक गोष्ट.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही का नाही विचारलंत? बरोबर आहे. मी नाही विचारलं, आणि तुम्हीही विचारलं नाही याबद्दल त्या महिन्यांत मी तुमची ऋणी होते. हे कबूल केल्याशिवाय ह्या पत्राला काही अर्थ नाही. पहिले तीन महिने मी वॉकर घेऊन घरातल्या घरात चालत होते. चौथ्या महिन्यात वसईला येऊ लागले. पार्ल्याहून स्लो लोकल, बोरिवलीला बदलायचं, पुलाचे सरकते जिने चालू असले तर नशीब, पुढे रिक्षा. परत येताना दर वेळी ठरवायचे, पुढच्या महिन्यात घरी आणू. आणि रात्री अंथरुणावर पडलं की जाणवायचं, की मी सलग सहा तास झोपते आहे. सहा वर्षांनी. त्या झोपेची मला लाज वाटायची आणि ती सोडवतही नव्हती. अशा माणसाला ‘कंटिन्यू करायचं ना?’ असा मेसेज येतो तेव्हा त्यात केवढी सुटका असते, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला ते माहीत आहे म्हणूनच मी पत्र तुम्हाला लिहिते आहे, सरकारला नाही.

आमच्यात ‘वृद्धाश्रमात ठेवलं’ म्हणत नाहीत, ‘टाकलं’ म्हणतात. माझ्या चुलतभावाने तेच क्रियापद वापरलं, तेही बारशाच्या पंगतीत. त्याने सात वर्षांत आत्याला एकदाही आंघोळ घातलेली नाही. वर, तिची गिरगावातली खोली पागडीची आहे आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायच्या गोष्टी चालू आहेत, म्हणजे मी तिला तिथे का ‘टाकलं’ ह्याचं उत्तर लोकांना आपोआप मिळालं. मग कुटुंबं काय करतात, तर ‘तात्पुरतं आहे’ म्हणत राहतात. शेजाऱ्यांना, नातेवाइकांना, स्वतःला. तात्पुरतं हा शब्द आम्हाला वाचवतो. तुमचं शॉर्ट स्टेचं रजिस्टर ह्या शब्दावर चालतं, आणि त्याची किंमत खाटेवर बसलेलं माणूस देतं.

सरकारकडून काय आहे ते थोडक्यात बघू. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ चा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम हवा, निराधार अशा १५० ज्येष्ठांची सोय होईल असा, हे त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. मुंबईत तर दोन जिल्हे. आमच्यासारख्यांसाठी त्यात एक गमतीची तरतूद आहे: मूल नसलेल्या ज्येष्ठाची जबाबदारी ‘नातेवाइका’वर, आणि नातेवाईक म्हणजे ज्याच्याकडे त्याची मालमत्ता आहे किंवा पुढेमागे येणार आहे तो वारस. म्हणजे आत्याला सांभाळण्याची माझी कायदेशीर ओळख तिच्या खोलीवरून ठरणार, तिने भरलेल्या माझ्या कॉलेजच्या फीवरून नाही. केअर सेंटरांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं एक दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर न होताच ती लोकसभा संपली. सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना २०२४ पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच आहे, पण ते हॉस्पिटलातल्या उपचारांसाठी. तुमच्या दरमहाच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. ट्रस्टने चालवलेल्या आश्रमात राहणं-जेवणं धरून महिना २५,००० पर्यंत जीएसटी माफ आहे, आणि मुंबईच्या आसपास अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी त्या रकमेत जागा शोधून बघा म्हणजे समजेल. तात्पर्य, आत्याचं आणि तुमचं नातं ज्या एका कागदावर उभं आहे तो कागद तुमचा फॉर्म. म्हणून तो नीट हवा.

आणि वेळेवर हवा. ह्या बाबतीत मी फार मोठी चूक केली ती इतरांनी करू नये म्हणून सविस्तर लिहिते. आत्या आली तेव्हा तिला चांगले दिवस असायचे. सकाळच्या वेळी ती पेन्शनचं पासबुक वाचायची, सही ओळखीची करायची, कुणाला काय द्यायचं ते सांगायची. त्या दिवसांत तिच्याकडून बऱ्याच गोष्टी विचारून घेता आल्या असत्या. मी थांबले, ‘घरी आल्यावर बघू’ म्हणून. पुढे बँकेत गेले तेव्हा समजलं की मुखत्यारपत्र आधी केलेलं असतं तरी भागलं नसतं. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की ते संपतं. ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवतो त्याच दिवशी ते निकामी. मग डिमेन्शियाच्या माणसाचं पालकत्व मागायला लोकांना रिट याचिका घेऊन हायकोर्टात जावं लागतं. इच्छापत्र, जॉइंट खातं, नॉमिनी ही कामं भान आहे तोवरच होतात.

दुसरं, शेवटच्या उपचारांबद्दलचं. व्हेंटिलेटर नको, नळीने अन्न नको, असं काही कुणाच्या मनात असेल तर ते लिहून ठेवायला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये परवानगी दिली. तेव्हाची पद्धत किचकट होती. २०२३ मध्ये ती सोपी केली, आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्ष एवढं पुरतं. आत्याला काय हवं होतं हे मला माहीत नाही. एका रात्री साडेतीनला तुमच्याकडून फोन आला, ‘आजींचं ऑक्सिजन खाली चाललंय, हॉस्पिटलला हलवू का?’ आणि मी हॉलमध्ये अंधारात उभी राहून एका बाईच्या वतीने उत्तर दिलं, जिला मी कधी विचारलं नव्हतं. हलवा म्हटलं. नऊ दिवस हॉस्पिटल, हातापायांना सुयांचे काळे-निळे डाग, हात बांधून ठेवलेले. ती परत आली. पण दुसऱ्या अ‍ॅडमिशनच्या बैठकीत हा प्रश्न तुम्ही कुटुंबाला विचारलाच पाहिजे, दुपारी, चहा घेत, रात्री साडेतीनला नाही.

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची मात्र एक हसण्याजोगी गोष्ट झाली. ऐंशीवरच्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो. मी तर टाके घेऊन पडलेली. तुमच्याकडच्या एका पोराने मोबाइलवर तिचा चेहरा स्कॅन केला. अ‍ॅप सांगतं, डोळ्यांची उघडझाप करा. आत्या एकटक बघत राहिली. पोरगा म्हणाला, ‘आजी, डोळे मिचकवा.’ ती म्हणाली, ‘मी तसल्यातली नाही.’ तीन दिवस प्रयत्न चालले होते म्हणे.

तर, आत्याला सांगायचं कसं? सगळे म्हणाले सांगू नका. तुमच्या सिस्टर म्हणाल्या, घरचे म्हणाले. ‘तिला समजणार नाही, आणि समजलं तर त्रास होईल.’ ह्या वाक्याचे दोन भाग एकमेकांना खोटं पाडतात हे माझ्या लक्षात यायला सात महिने लागले. अक्षय्य तृतीयेच्या दोन दिवस आधी मी डब्यात आमरस घेऊन आले. सकाळीच आले, कारण संध्याकाळी ती बिथरते. व्हरांड्यात बसलो. मी म्हटलं, ‘आत्या, माझ्याने आता तुला उचलवत नाही. माझे गुडघे लोखंडाचे केलेत. तू आता इथेच राहणार. मी दर रविवारी येणार.’

ती बराच वेळ डबा बघत होती. मग म्हणाली, ‘मग माझं कपाट कुठंय?’

मला काय बोलावं सुचेना. खरंच कपाट नव्हतं. शॉर्ट स्टेच्या खोलीत कपाटं नसतात, खाटेखाली जागा असते. आम्ही ऑफिसात गेलो आणि मी पहिल्यांदा ते वाक्य तुमच्या माणसासमोर म्हटलं, की ही आता कायमची राहणार आहे. आठवड्याभरात तिला आतल्या खोलीत हलवलं. दोनच खाटा, शेजारी एक निवृत्त शिक्षिका, जी आत्याला दिवसातून तीनदा तिचं नाव विचारते आणि आत्या तीनदा सांगते. खिडकीखाली अरुंद लोखंडी कपाट. चावी आत्याच्या गळ्यातल्या दोऱ्यात. गिरगावच्या खोलीतून तिचं स्टीलचं फुलपात्र आणलं, तिच्या रेल्वेतल्या भावाचा फोटो आणला आणि भिंतीवर कालनिर्णय लावलं. पेन्सिलही. आयुष्यभर ती कालनिर्णयावर दुधाचा हिशोब करत आली. आता रोज एक फुली मारते. कधी दोन मारते, एखादा आठवडा विसरते. सात महिने त्या भिंतीवर काहीच नव्हतं, कारण थोड्या दिवसांसाठी कशाला खिळा ठोकायचा.

ह्याने सगळं बरं झालं असं लिहिलं तर ती थाप होईल. पुढच्याच रविवारी तिने मला विचारलं, ‘घरी कधी?’ मी परत सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी रडली. मीही. आजही महिन्यातून एखाद्या संध्याकाळी ती बॅग मागते. पण बॅग आता माळ्यावर आहे, कपडे कपाटात आहेत, आणि मावशींना काय सांगायचं ते माहीत आहे: ‘आजी, तुमचं कपाट इथं आहे, भाची रविवारी येते.’ दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फिजिओथेरपीने ती वॉकर धरून खोलीपासून जेवणघरापर्यंत चालते. दिवसा डायपर नाही. रात्रीचा राहिला, तो राहणारच. वजन दोन किलो भरलं.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. रात्री एका मावशीवर आठ-दहा खाटा असतात आणि गणपतीत तर निम्म्या गावी जातात. शॉर्ट स्टेचा दिवसाचा दर जास्त, कायमच्याचा महिन्याचा कमी, डिपॉझिट वेगळं. हिशोब मला कळतो. सात महिने मी दिवसाच्या दराने पैसे भरत होते, आणि तुमच्या ऑफिसातही ते कुणाच्या लक्षात आलं नाही, असं आपण धरून चालू. कुटुंबं बिल थकवतात, फोन उचलत नाहीत, खोटा पत्ता देऊन म्हातारं माणूस तुमच्या दारात सोडून जातात, हेही मी तुमच्या व्हरांड्यात बसून ऐकलं आहे. नव्या फॉर्मने तुमचंही संरक्षण होईल. बिल कोण भरणार, तो आजारी पडला तर कोण, रात्री फोन कुणाला, निधनानंतर कुणाला कळवायचं, हे कायमच्या फॉर्मवर असतंच ना? मग मागच्या दाराने कायम झालेल्यांना ते का नको?

एक गोष्ट अगदी साधी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. मुदत संपायच्या आठवडाभर आधी मेसेज न करता फोन करा. कुटुंबातल्या ज्याने सही केली त्यालाच. विचारा, ‘घरी नेणार आहात का?’ नेणार म्हटलं तर तारीख विचारा, आणि घरी काय तयारी लागेल ते सांगा: कमोड खुर्ची, बाथरूमला दांडा, बाईची व्यवस्था. नेणार नाही म्हटलं, किंवा माझ्यासारखं ‘बघू’ म्हटलं, तर भेटायला बोलवा. दुसऱ्यांदा मुदत वाढवायची असेल तर भेटल्याशिवाय वाढवूच नका. माणूस चिडेल. मीही चिडले असते.

आणि ज्याचं अ‍ॅडमिशन आहे त्याला त्या बैठकीत बसवा. त्याला निम्मं कळेल, कदाचित त्याहून कमी. कपाटाचा प्रश्न विचारण्यापुरतं नक्की कळेल.

माझ्या आत्याच्या फाइलमध्ये अजून २१ दिवसच लिहिलेले आहेत. येत्या रविवारी मी नव्या वर्षाचं कालनिर्णय घेऊन येते आहे. कायमचा फॉर्म काढून ठेवा. सहीसाठी दोन जागा ठेवा, एक माझी आणि एक तिची. तिच्या सहीला आता कायद्याने किंमत नाही, हे मला माहीत आहे. पण सकाळी दहाच्या सुमारास बसवलं तर ती अजून सही करते, पूर्ण नावाची, खाली रेघ मारून.

आपली,
आतल्या खोलीतल्या, खिडकीजवळच्या आजींची भाची
विलेपार्ले (पूर्व), मुंबई